लॉनचं मशीन जुलै महिना डोळ्यांपुढे ठेवून घ्या

वाचकाचं पत्र: आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडच्या आत, कोलशेतच्या बाजूला आहे. चार बिल्डिंगच्या मध्ये साधारण १३ गुंठ्यांचं लॉन आहे. मागे थोडा उतार, कडेने नारळ आणि दोन जुने आंबे. इतके दिवस कॉन्ट्रॅक्टरचा माणूस महिन्यातून एकदा ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घेऊन यायचा. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागायचं आणि कापलं की सगळं लॉन पिवळं पडायचं. गेल्या वर्षी आम्ही ऑनलाइन गवत कापायचं एक विजेचं मशीन मागवलं. ते ऑगस्टमध्येच बंद पडलं आणि दुरुस्त करणारा कुणी मिळाला नाही. आता कमिटीत तीन मतं आहेत. काही जण पेट्रोलवरचं घ्या म्हणतात, काही बॅटरीवरचं, आणि एक काका बसून चालवायचं मशीन घेऊ म्हणतात. आमचे माळीकाका ५६ वर्षांचे आहेत, त्यांना कोणी विचारलेलं नाही. मी खजिनदार आहे. पुन्हा पैसे वाया गेले तर सर्वसाधारण सभेत उत्तर मलाच द्यावं लागेल. टिकाऊ मशीन कोणतं घ्यावं?
– एक खजिनदार, ठाणे (पश्चिम)

ताई, सप्रेम नमस्कार.

‘माळीकाकांना कोणी विचारलेलं नाही’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी सुरुवात तिथूनच करते. मशीनचा चेक कमिटी फाडणार. ते ढकलणार, धुणार आणि बंद पडलं की त्याच्यापुढे उकिडवे बसणार ते काका. त्यांच्या हाताला न बसणारं मशीन कितीही नावाजलेलं असलं तरी वर्षभरात पंप रूमच्या कोपऱ्यात जाऊन पडतं. मी असे कोपरे ठाण्यात आणि नवी मुंबईत बरेच पाहिले आहेत. तेव्हा मशीन बघायला जाल त्या दिवशी काकांना बरोबर न्या आणि हँडल आधी त्यांच्या हातात द्या.

दुसरी गोष्ट महिन्याची. डिसेंबरात ठाण्यातलं कोणतंही लॉन कोणत्याही मशीनने कापता येतं. जमीन कोरडी, गवत मंदावलेलं, काम हलकं. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हरळी आठवड्यात बोटभर वर येते, आणि कापायला जावं तर ओली, जड, चिकट. पात्याखाली गवताचा लगदा साचतो, चाकं घसरतात, कमी ताकदीची मोटर गुरगुरून बंद पडते. तुमचं मशीन ऑगस्टमध्ये गेलं यात मला नवल वाटलं नाही. ही मशीनं बहुधा छोट्या, कोरड्या अंगणासाठी असतात, आणि आपण त्यांना श्रावणातल्या १३ गुंठ्यांना जुंपतो.

मशीनकडे वळण्याआधी लॉन पिवळं का पडतं ते सांगते, कारण नवीन मशीन आणूनही महिन्यातून एकदाच कापलंत तर ते तसंच पडणार आहे. गवताचं हिरवं पान वरच्या भागात असतं, खाली फिकट काड्या असतात. गुडघाभर वाढू देऊन एकदम मुळापाशी कापलं की सगळी पानं जातात आणि उरलेल्या काड्या उघड्या पडतात. माळ्यांचा साधा नियम आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. लॉन ४ सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर ते ६ सेंटिमीटर झालं की मशीन फिरलं पाहिजे. पावसाळ्यात याचा अर्थ दर आठवड्याला, उघडीप मिळाली तर पाचव्या-सहाव्या दिवशीही. थंडीत पंधरा-वीस दिवसांनी चालतं. वर्षाचा हिशेब केला तर तुमचं लॉन तीस-बत्तीस वेळा कापावं लागेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या कमिटीतली तीन मतं, आणि चौथं विजेचं.

बसून चालवायच्या मशीनचा विचार सोडून द्या. एक एकर म्हणजे ४० गुंठ्यांच्या पुढे, मोकळी आणि सपाट जागा असेल तिथे त्याला अर्थ आहे. तुमच्याकडे नारळांच्या मधून वळायचं आहे, मागे उतार आहे, आणि ते ठेवायला पार्किंगची एक जागा जाईल. ती जागा कोणाची, यावर सभेत जे होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

वायरवर चालणारं विजेचं मशीन मी पावसाळ्यातल्या मोठ्या लॉनसाठी कोणालाही सुचवत नाही. यामागे एक अनुभव आहे. मी वाशीला राहत होते तेव्हा आमच्या सोसायटीनेही असंच एक मशीन घेतलं होतं. जुलैची सकाळ, गवत ओलं, आणि ५० मीटरची वायर पसरलेली. वळताना वायर पात्याखाली आली आणि कापली गेली. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारी कळ, बसवलेली होती, ती क्षणात पडली, आणि आमच्या माळीदादांना नुसतं दचकण्यावर निभावलं. त्या दिवशी ती नसती तर काय झालं असतं हा विचार आजही माझा पाठलाग सोडत नाही. शिवाय त्या मशीनचा स्विच बदलायला दोन महिने लागले, कारण विकणाऱ्याकडे सुटा भागच नव्हता. पावसाचे दोन महिने गेले तेव्हा लॉनमध्ये लहान मुलं दिसेनाशी झाली होती. ताई, तुमचं जुनं मशीन दुरुस्त करून ‘तात्पुरतं’ वापरायचा प्रस्ताव आला तर स्पष्ट नकार द्या.

बॅटरीवरच्या मशीनबद्दल मला आपुलकी आहे. आवाज कमी, धूर नाही, सुरू करायला दोरी ओढणं नाही. दोन-तीन गुंठ्यांच्या बंगल्यासाठी मी आनंदाने तेच सांगेन. पण तुमचा हिशेब करू. ४० व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १६० वॅट-तास. जाड, ओल्या गवतात मशीनला सहाशे-सातशे वॅट सहज लागतात, म्हणजे एक बॅटरी पंधरा मिनिटं. तुमचं लॉन कापायला चांगलं रुंद मशीनसुद्धा दीड तास घेईल. त्यासाठी तशा सहा बॅटऱ्या लागतील, आणि चार्जरपाशी रांग. अशा मशीनमध्ये बॅटरी हाच महागडा भाग असतो आणि काही वर्षांनी तिचा जीव कमी होतोच. म्हणून १३ गुंठ्यांना सध्या बॅटरी नको.

दीड तास कुठून आला ते सांगते, म्हणजे कमिटीला समजावता येईल. ५३ सेंटिमीटर, म्हणजे दुकानदार ज्याला २१ इंची म्हणतात, त्या मशीनचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो. त्यामुळे खरी रुंदी ४५ सेंटिमीटर धरा. माणूस ताशी ३ किलोमीटरने चालला तर मिनिटाला साधारण २२ चौरस मीटर होतात. वळणं, झाडं, कापलेल्या गवताची पिशवी रिकामी करणं वजा केलं की तासाला ९०० चौरस मीटर हातात राहतात. तुमचे १३ गुंठे म्हणजे सुमारे १३०० चौरस मीटर. हेच ३२ सेंटिमीटरच्या मशीनने केलं तर अडीच तास. एक तासाचा फरक वर्षातून तीस वेळा, आणि तो सगळा ५६ वर्षांच्या माणसाच्या पाठीवर.

तर माझा सल्ला असा: फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचं, १६० सीसीच्या आसपासचं, १९ ते २१ इंच रुंदीचं, आडव्या फिरणाऱ्या पात्याचं आणि मागची चाकं स्वतः ओढणारं मशीन घ्या. चाकांना ड्राइव्ह असलेल्या मशीनला थोडे जास्त पैसे पडतात आणि पट्टा, केबल असे चार भाग वाढतात, हे खरं. तरी ३०-३५ किलोचं धूड ओल्या उतारावर ढकलायचं म्हणजे काय, ते कमिटीतल्या ज्यांना ही ‘चैन’ वाटते त्यांनी एकदा स्वतः करून पाहावं. मागच्या चाकांचाच ड्राइव्ह मागा. पिशवी भरली की वजन मागे येतं, त्यामुळे चढावर तीच चाकं पकड ठेवतात.

सिलिंडरची, म्हणजे रूळासारखी फिरणारी पाती असलेली मशीनं तुम्हाला कोणी दाखवेल. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पहिलं लॉन मूव्हर बनवलं ते त्याच जातीचं. कापडाची लव छाटणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. कात्रीसारखं कापतं, काप फार सुरेख येतो. क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानावर ते शोभतं. पण त्याला सपाट जमीन आणि छोटं गवत लागतं. एक आठवडा पावसाने चुकवला की उंच गवत त्याच्यापुढे नुसतं वाकतं, आणि नारळाचा एखादा करवंटीचा तुकडा पात्यात अडकला की धार गेली. तुमच्या बागेसाठी नाही.

आता टिकाऊपणा. लोक मला कंपनीचं नाव विचारतात, मी त्यांना मेकॅनिकचं नाव विचारते. ठाण्यात ज्याचं इंजिन उघडता येतं, ज्याचा प्लग, फिल्टर, दोरी आणि पातं दोन दिवसांत हातात पडतं, ते मशीन टिकतं. होंडाची छोटी इंजिनं आपल्याकडे पाण्याच्या पंपांवर आणि जनरेटरवर वर्षानुवर्षं चालत आली आहेत, त्यामुळे गणपतीच्या मंडपाला जनरेटर पुरवणाऱ्याचा मेकॅनिकही ती ओळखतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन बसवलेली मशीनंही मिळतात. स्टिल या कंपनीचं भारतातलं मुख्यालय चाकणला आहे, म्हणजे फार लांब नाही. यातलं कोणतं घ्यायचं ते तुमच्या जवळच्या विक्रेत्यावर ठरवा. दुकानात उभं राहून सांगा, ‘या मॉडेलचं एक जास्तीचं पातं आत्ता द्या.’ शेल्फवरून काढून दिलं तर पुढे बोला. ‘मागवून देतो, आठ दिवस लागतील’ म्हणाला तर चहाला थांबू नका. कोटेशन तीन घ्या, आणि त्यात पातं, बेल्ट, ड्राइव्हची केबल आणि दोरीचा संच यांच्या किमती लिहून मागा. सभेत हाच कागद तुमच्या कामाला येईल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा हत्यारं-मशीनरीचा जुना बाजार आहे, तिथेही चौकशी करून या. पण सर्व्हिस ठाण्यात मिळत नसेल तर तिथला स्वस्त भाव धरू नका.

डेक, म्हणजे पात्यावरचं झाकण, वाकून खालून बघा. तुमच्याकडे खाडीची दमट हवा आहे, वर ओल्या गवताचा लगदा. पातळ पत्रा दोन पावसाळ्यांत सालपटासारखा सुटतो. ॲल्युमिनियमचा डेक मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड पत्रा आणि चांगला रंग. प्लास्टिक गंजत नाही, पण दगड लागला की तडकतं. कापण्याची उंची एकाच खटक्याने चारही चाकांची एकदम बदलता यावी. पावसाळ्यात लॉन जरा उंच ठेवावं लागतं, आणि प्रत्येक चाक वेगळं खोलायचं असेल तर कोणी ती बदलत नाही.

दुकानात मशीन चालू करून दाखवतात ते गार असताना. तुम्ही ते दहा मिनिटं चालवून घ्या, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि काकांना दोरी ओढायला सांगा. तापलेलं इंजिन दोन-तीन ओढीत सुरू झालं पाहिजे. शक्य असेल तर डेमो तुमच्याच लॉनवर, पाण्याची नळी मारून ओल्या केलेल्या गवतावर मागा. एप्रिल-मेमध्ये खरेदी केलीत तर विक्रेत्याला वेळ असतो आणि काकांचा हात पावसाआधी बसतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या सोसायट्या एकदम जाग्या होतात.

पेट्रोलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आजकालच्या बिघाडांत त्याचा वाटा मोठा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. म्हणून घेण्याआधी ‘ई-२० चालेल का’ हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा. उभ्या मशीनच्या टाकीत असं पेट्रोल महिनाभर पडून राहिलं की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरचं बारीक भोक चोंदतं आणि मग ‘काल तर चालू होतं’ हे वाक्य ऐकू येतं. उपाय साधा आहे. दोन-तीन कापण्यांपुरतंच पेट्रोल आणायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात, मीटर रूमपासून लांब ठेवायचं. मशीन तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. फोर-स्ट्रोकमध्ये ब्रश कटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं, हे काकांना आणि बदली माणसालाही नीट सांगा. सवयीने मिसळणारे मी पाहिले आहेत.

ऑइलसाठी तो मघाचा आकडा. तीस-बत्तीस कापण्या, प्रत्येकी दीड तास, म्हणजे वर्षाला पन्नास तासांच्या आत-बाहेर. नव्या मशीनचं पहिलं ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या सुरुवातीच्या तासांनंतर बदलायचं, आणि पुढे वर्षातून दोनदा: मेअखेर एकदा, दसऱ्याच्या सुमारास एकदा. जेमतेम अर्धा लिटर ऑइल लागतं. एवढ्यावर इंजिनाचं आयुष्य अवलंबून असतं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

पाती दोन ठेवा. एक मशीनला, एक धार लावून तयार. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. टोकं पांढरट-तपकिरी होतात आणि पावसात तिथूनच बुरशी शिरते. पावसाळ्यात तीन-चार वेळा तरी धार हवी. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ती लावून मिळेल. परत आणल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिथे अजून घासायला सांगा. असमतोल पात्याने इंजिन हादरत राहतं आणि काकांच्या मनगटांना रात्री मुंग्या येतात.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी आग्रही आहे. हँडलवर एक दांडा असतो, तो दाबून धरला तरच इंजिन चालतं, सोडला की थांबतं. हात दुखतो म्हणून तो सुतळीने बांधून टाकायची पद्धत सर्रास आहे. कृपा करून तुमच्या सोसायटीत ते होऊ देऊ नका. पात्याचं टोक मिनिटाला तीनेक हजार फेऱ्यांत ताशी ३०० किलोमीटरच्या घरात फिरतं. त्याखालून उडालेला खडा समोरच्या बाकावर बसलेल्या आजींपर्यंत पोचतो. कापण्याआधी लॉनवरून एक फेरी मारून खडे, करवंट्या, झावळ्यांचे देठ, मुलांचे चेंडू उचलायचे, आणि मशीन चालू असताना मुलं आत नकोत. साचलेला लगदा काढायचा असेल तर आधी इंजिन बंद, मग प्लगची टोपी काढायची, मगच हात किंवा काठी आत. मशीन कलंडवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये जातं. उतारावर आडवं चालायचं, वर-खाली नाही. पाय घसरला तर मशीन अंगावर येत नाही. काकांना गमबूट, चष्मा आणि आवाजापासून कान झाकायला इअर प्लग घेऊन द्या, आणि ते बिल मशीनच्याच खात्यात धरा. येऊरच्या डोंगराच्या इतक्या जवळ राहता, तर गवत वाढलेल्या कडांना आधी काठी आपटून घ्यायला सांगा. घोणस गवतात पडून राहते आणि सहज दिसत नाही.

आवाजाची तक्रार येईलच. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि मशीन चालू असताना जवळून त्यापेक्षा बराच जास्त आवाज होतो. सकाळी दव सुकल्यावर, दहा ते साडेअकरा अशी वेळ नक्की करून नोटीस बोर्डावर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या घरांना विचारून दिवस ठरवा. त्या महिन्यांत गवतही थांबायला तयार असतं.

ब्रश कटर पूर्ण बंद करायची गरज नाही, कडा आणि कोपरे त्यानेच होतात. मात्र आंब्याच्या आणि नारळाच्या बुंध्याशी तो नेऊ देऊ नका. नायलॉनची दोरीसुद्धा साल खाते, आणि आंब्याची साल सगळीकडून सोलली गेली तर एवढं जुनं झाड उभ्याउभ्या वाळतं. बुंध्याभोवती हातभर गोल गवत काढून तिथे पालापाचोळा पसरा. तसंही आंब्याच्या दाट सावलीत लॉन नीट येत नाही. तिथली दीड-दोन गुंठे जागा लॉनमधून वगळून सावलीतली झाडं लावलीत तर कापायचंही कमी होईल. हे कमिटीपुढे जरूर मांडा.

कापलेल्या गवताचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. कोरड्या दिवसांत पिशवी काढून बारीक गवत लॉनवरच पडू द्या, त्यातला नायट्रोजन मातीत परत जातो आणि खताचे पैसे वाचतात. पावसात मात्र ढिगारे पडून खालचं गवत कुजतं, तेव्हा पिशवी लावा आणि गवत कंपोस्टच्या खड्ड्यात सुक्या पानांबरोबर थर देऊन टाका. नुसतं ओलं गवत टाकलं तर दोन दिवसांत वास सुटतो आणि तळमजल्यावरचे लोक तुमच्या दारात येतात.

मशीन आलं की पुस्तिकेतल्या चार गोष्टी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या दारावर चिकटवा: ऑइल कधी, धार कधी, पेट्रोल किती, आणि मेकॅनिकचा फोन. शेजारी एक वही टांगा. प्रत्येक कापणीची तारीख आणि वेळ काकांनी त्यात लिहायची. त्यांना लिहिणं अवघड जात असेल तर सिक्युरिटीच्या मुलाला सांगा.